भिवंडीचा माग आणि दोन विद्या

गेल्या महिन्यांत दादरला एका स्नेह्यांकडे चहास गेलों असतां तेथें एक लहानसा गृहकलह चाललेला दिसला. कन्या नुकतीच बारावी झालेली. चित्रकला उत्तम, आणि गणितांतहि कच्ची नाहीं. तिला कपड्यांची रचना, म्हणजे आजच्या भाषेंत फॅशन डिझाइन, शिकावयाचें होतें. वडिलांचा आग्रह असा कीं, एवढें चांगलें गणित असलेल्या मुलीनें संगणकीय जीवशास्त्रासारख्या नव्या विषयाकडे वळावें. तेथें बुद्धीचें चीज होईल, आणि कपडे काय, कोपऱ्यावरचा शिंपीहि शिवतो. आईचें म्हणणें याच्या उलट नव्हतें, पण अगदीं बाजूचेंहि नव्हतें. मुलीच्या हातांतली कला बुडूं नये, एवढेंच त्या म्हणत होत्या. मी इतिहासाचा अभ्यासक असल्यामुळें शेवटीं सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. इतिहासाच्या अभ्यासकाला भविष्य कां विचारतात हें मला कधींच उमगलेलें नाहीं! मीं उत्तर टाळलें, आणि चहा संपवून निघालों.

पण प्रश्न पाठ सोडीना. ह्या दोन विद्या इतक्या परक्या कीं एकीचा हात धरतांना दुसरीचा सोडावाच लागावा, असें आपण मानतों तें कोणत्या आधारावर? त्याचा माग काढीत मी जेथें पोंचलों तें ठिकाण दादरपासून फार लांब नाहीं. तें म्हणजे भिवंडी.

ठाणें ओलांडून नाशिकच्या रस्त्याला लागलें कीं कामवारी नदीच्या कांठीं हें गांव लागतें. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण आणि भिवंडी घेतली, एवढ्यापुरतें त्याचें नांव शाळेच्या पुस्तकांत येतें, आणि पुस्तक मिटलें कीं विसरलें जातें. मुंबईकराला भिवंडी आठवते ती वाहनांच्या खोळंब्यामुळें आणि अलीकडे वाढलेल्या प्रचंड गोदामांमुळें. परंतु गांवांत शिरतांच कानावर जो आवाज पडतो तो गोदामांचा नव्हे. तो विजेच्या मागांचा. गल्लीगल्लींतून, पत्र्याच्या छपराखालून, रात्रंदिवस एकच खटखट चाललेली असते, आणि थोड्या वेळानें ती ऐकूं येईनाशी होते, इतकी ती सर्वत्र आहे. देशांतील विजेच्या मागांच्या मोठ्यांत मोठ्या केंद्रांपैकीं हें एक. येथील मोमीन विणकरांचीं अनेक घराणीं मूळचीं उत्तरेकडचीं, मऊ, आझमगड, बनारस या बाजूचीं. १८५७ च्या बंडानंतरच्या धामधुमींत आपले पूर्वज दक्षिणेकडे चालत आले असें तीं सांगतात. पुढें हातमाग गेले, विजेचे आले. आणि १९८२ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांत जो मोठा संप सुरू झाला त्यानंतर गिरणगांवांतील 'साचाखात्याचें' पुष्कळसें काम येथें वाहून आलें. गिरणी बंद पडली, पण कापड कोणीतरी विणावयास हवेंच होतें.

तें कापड बहुतेक कोरें असतें. व्यापारी त्यास 'ग्रे' म्हणतात. त्यावर ना रंग, ना नक्षी. व्यापारी सूत देतो, मागवाला तें विणून देतो, आणि मोबदला ठरतो तो 'पिकां'वर, म्हणजे इंचामागें आडवे धागे किती पडले त्या संख्येवर. कापडाच्या सौंदर्याचा विचार भिवंडीबाहेर होतो. भिवंडींत होते ती मोजणी. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण आजच्या भाषणाचें सारें दुखणें तिच्यांत आहे.

आतां माग म्हणजे काय तें क्षणभर पाहूं. ताण्याचे उभे धागे ताणून धरलेले असतात; त्यांतले कांहीं वर उचलावयाचे, कांहीं खालींच ठेवावयाचे, आणि मधून धोटा आडवा फेंकावयाचा. कोणते धागे उचलले यावर कापडाचें रूप ठरतें. साध्या कापडांत एकाआड एक धागा उचलला कीं भागतें. पण पानफूल काढावयाचें असेल तर प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळीं शेंकडों उभ्या धाग्यांपैकीं नेमके कोणते वर घ्यावयाचे हें ठरलेलें पाहिजे. म्हणजे प्रत्येक धाग्याला एकच प्रश्न विचारावयाचा: वर कीं खालीं? पैठणीच्या पदरावरचा मोर विणणारा कारागीर हा प्रश्न आपल्या बोटांनीं सोडवितो, आणि म्हणूनच एका पदराला महिने लागतात. बनारसेंत नक्षीच्या दोऱ्या ओढण्यासाठीं मागाशीं दुसरा गडी असे. फ्रान्सांत लियाँ शहरीं रेशमाच्या मागावर हेंच काम लहान मुलें करीत, आणि दिवसभर दोऱ्या ओढून वांकून जात.

ह्याच लियाँचा जोसेफ मारी जॅकार. त्याच्यापूर्वीं बूशाँ, फाल्कों, वोकांसाँ अशा तिघांनीं १७२५ पासून ह्या खटाटोपांत भर घातली होती. जॅकारनें त्यांचें विखुरलेलें डोकें एकत्र केलें आणि १८०४ च्या सुमारास आपला माग सिद्ध केला. त्यांत जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात आणि पट्ट्यांना भोंकें असतात. भोंक असेल तेथें सुई आरपार जाते आणि तिचा धागा वर उचलला जातो. भोंक नसेल तेथें सुई अडते आणि धागा खालींच राहतो. एक पट्टी म्हणजे एक आडवा धागा. पट्ट्या एकमेकींना शिवून माळ केली कीं सारी नक्षी त्या माळेंत आली. विणकऱ्यांनीं ह्या यंत्राला कडवा विरोध केला, आणि त्यांचें भय अगदींच खोटें नव्हतें. दोऱ्या ओढणाऱ्या मुलांची गरज खरोखरच संपली. १८३९ मध्यें जॅकारचेंच एक चित्र रेशमांत विणलें गेलें. त्याला सुमारें २४,००० पट्ट्या लागल्या, आणि पाहणारे त्यास कोरीव छाप समजून फसत.

ह्या विणलेल्या चित्राची एक प्रत लंडनांत चार्ल्स बॅबेज नांवाच्या गणित्याच्या दिवाणखान्यांत लागली होती. पाहुण्यांना तें दाखवून तो विचारी कीं, हें कशाचें केलेलें असावें. बॅबेज तेव्हां एक गणनयंत्र योजीत होता, आणि त्या यंत्राला काय करावयाचें हें सांगण्यासाठीं त्यानें जॅकारच्या भोंकें पाडलेल्या पट्ट्याच उचलल्या. १८४३ मध्यें एडा लव्हलेस ह्या विदुषीनें त्या यंत्रावर टिपणें लिहिलीं. त्यांत तिनें यंत्राच्या बीजगणिताची तुलना मागावरील पानाफुलांशीं केली, ती कांहीं कविकल्पना नव्हती. बॅबेजचें यंत्र पुरें झालें नाहीं. पण भोंकांच्या पट्ट्या टिकल्या. १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेंत हर्मन हॉलरिथनें माणसें मोजलीं तीं पट्ट्यांच्याच रूपानें, आणि विसाव्या शतकाचा बराच काळ गणकयंत्रांच्या पोटांत जें जात असे तेंहि ह्याच रूपानें. आजच्या संगणकाचा 'एक' आणि 'शून्य' हा विणकराच्या 'वर' आणि 'खालीं' ह्याचाच वंशज आहे, असें म्हणतांना मला फारशी अतिशयोक्ति वाटत नाहीं. सोलापुरी चादर पांघरतांना कोणाला हें आठवत नाहीं. पण ती चादर जॅकारच्याच मागावरची.

येथपर्यंत वडिलांच्या पक्षाचा अर्धा भाग झाला: 'संगणकीय' हा शब्द मागावरून आला. राहिला 'जीवशास्त्र'. तोहि कापडाच्याच दुकानांतून आला आहे, आणि ह्या दुसऱ्या गोष्टीची गंमत पहिलीपेक्षां थोडी अधिकच.

१८५६ मध्यें लंडनचा अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कोळशाच्या डांबरापासून क्विनाइन करूं पाहत होता. क्विनाइन झालें नाहीं. झाला एक जांभळा रंग. रेशमावर तो असा बसला कीं धुतां जाईना. पाहतां पाहतां त्या रंगाचें वेड पॅरिस-लंडनला लागलें. १८५८ मध्यें आपल्या कन्येच्या विवाहांत व्हिक्टोरिया राणीनें ह्याच जांभळ्या छटेचा पोषाख केला. मग अशा कृत्रिम रंगांची रांगच लागली. फॅशनच्या हव्यासापोटीं निघालेले हे रंग जर्मन वैद्यकांच्या प्रयोगशाळांत पोंचले. सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी पाहिली तर ती पाण्याच्या थेंबासारखी निर्वर्ण असते. आंत काय आहे तें दिसावयाचें कसें? तिला कापडाप्रमाणें रंगवावयाचें. वाल्टर फ्लेमिंगनें सॅलॅमँडर नांवाच्या प्राण्याच्या पेशी अशा रंगविल्या, तेव्हां पेशीच्या विभाजनाच्या वेळीं केंद्रांत धाग्यांसारखे आकार स्पष्ट उठून दिसले. ह्या विभाजनाला त्यानें जें नांव दिलें तें ग्रीक भाषेंतील धाग्याच्या शब्दावरून. पुढें १८८८ मध्यें वाल्डायर ह्यानें त्या आकारांना 'रंगीत देह' अशा अर्थाचें नांव दिलें, कारण ते रंग चटकन घेतात. मराठींत आपण त्यांस गुणसूत्र म्हणतों. सूत्र म्हणजे दोराच. आईबापांचे गुण मुलांत ज्या दोऱ्यांतून उतरतात ते दोरे प्रथम दिसले ते साडीच्या रंगांत बुडवून!

आणि ह्याच वर्षांत आपल्या मुंबईंत काय चाललें होतें? १८५६ मध्यें ताडदेवला कावसजी दावर यांची कापडाची गिरणी सुरू झाली. १८५७ च्या मार्चांत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीनें चित्रकलेची शाळा उघडली, तीच आजची जे. जे.; आणि त्याच वर्षीं जुलैंत मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. एकाच शहरांत, चार महिन्यांच्या अंतरानें, दोन दरवाजे उघडले. एकावर 'कला' लिहिलें होतें आणि दुसऱ्यावर 'विद्या'. १८८७ मध्यें व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था निघाली, तेथें विणकामाचें यंत्रशास्त्र शिकवूं लागले. तो तिसरा दरवाजा. ह्या तिन्ही दारांपैकीं कोणत्याहि दारांतून आंत न जातां, त्याच सुमारास उत्तरेकडून आलेला विणकर भिवंडीला माग मांडून बसला. दादरच्या त्या चहाच्या टेबलावरचा वाद १८५७ चा आहे असें मीं त्या गृहस्थांस नंतर सांगितलें, तेव्हां त्यांनीं माझ्याकडे जरा संशयानेंच पाहिलें.

दरवाजे वेगळे असले तरी कांहीं माणसें भिंतींतून चालत जातात. अशांपैकीं पहिले, माझ्या मतें, दामोदर धर्मानंद कोसंबी. बौद्ध धर्माचे गाढे पंडित धर्मानंद यांचे हे पुत्र. १९०७ मध्यें गोव्यांत जन्मले, हार्वर्डला शिकले, आणि १९३० च्या दशकाच्या आरंभापासून बारा-एक वर्षें पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवीत होते. मराठी वाचकाला ते इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. आहत नाणीं हजारोंनीं तोलून, वापरानें झालेल्या झिजेवरून त्यांचा कालानुक्रम लावणारा हा माणूस. पण जगांतील रोपपैदाशीच्या प्रयोगशाळांत त्यांचें नांव रोज घेतलें जातें तें एका सूत्रासाठीं, आणि तें सूत्र चारच पानांच्या एका निबंधांत आहे. वर्ष १९४४.

तें सूत्र समजून घेण्यासारखें आहे. गुणसूत्रांची जोडी शेजारीं शेजारीं पडलेली असते, आणि बीजपेशी तयार होतांना त्यांतले दोरे तुटून एकमेकांत अदलाबदल होतात. एका दोऱ्यावरचे दोन गुण जितके लांब, तितका मध्यें कोठेंतरी सांधा बदलण्याचा संभव अधिक. म्हणून किती संततींत ते दोन गुण विलग झाले हें मोजलें तर त्यांच्यामधील अंतराचा अंदाज येतो. मॉर्गनचा तरुण विद्यार्थी स्टर्टव्हंट यानें ह्या युक्तीनें माशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा १९१३ मध्यें प्रसिद्ध केला. पण ह्या मोजणींत एक लबाडी आहे. मध्यें दोनदां अदलाबदल झाली तर गुण पुन्हा पूर्ववत् एकत्र दिसतात, आणि मोजणाराला वाटतें, कांहीं घडलेंच नाहीं. म्हणजे अंतर नेहमीं कमी भरतें. हाल्डेननें १९१९ मध्यें ही चूक सुधारण्याचें गणित मांडलें, परंतु तें करतांना असें धरलें कीं एका ठिकाणची तूट दुसऱ्या ठिकाणच्या तुटीला मुळींच अडवीत नाहीं. प्रत्यक्षांत ती अडविते. जवळ फार, लांब कमी. कोसंबींनीं ही अडवणूक हिशेबांत घेतली. उदाहरण घेऊं: शेंकडा २० संततींत दोन गुण विलग झालेले दिसले. हाल्डेनच्या गणितानें त्यांच्यामधलें अंतर २५.५ येतें, कोसंबींच्या गणितानें २१.२. एवढासा फरक, पण नकाशा त्यावरच उभा राहतो. भात, गहूं आणि कापूस यांच्या गुणसूत्रांचे नकाशे काढतांना आजहि संगणकाला आज्ञा दिली जाते ती पुष्कळदां हेंच सूत्र लावण्याची. कापसाचा उल्लेख मीं मुद्दाम केला. भिवंडीच्या मागावर आज कृत्रिम धागा फार चालतो. पण जेथें सुती धागा चालतो तेथें त्या धाग्याच्याहि आंतले धागे मोजण्याची रीत पुण्यांतील एका गणिताच्या शिक्षकानें घालून दिलेली आहे.

१९४५ मध्यें होमी भाभांनीं त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बोलाविलें. १९४८-४९ मध्यें युनेस्कोची शिष्यवृत्ति घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेंत गेले, तें इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास करण्यासाठीं. त्या वेळीं अशीं यंत्रें जगांत हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीं. नंतर लौकरच, १९५० मध्यें, फिशर यांचा गुणधर्मांच्या प्रसाराविषयींचा एक प्रश्न केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर सोडविला गेला. जीवशास्त्रांत संगणकाचा तो पहिला वापर समजतात. अमेरिकेंत मार्गारेट डेहॉफ ह्या विदुषीनें पदवीच्या संशोधनासाठीं रेणूंचीं गणितें भोंकें पाडलेल्या पट्ट्यांवर केलीं, आणि १९६५ मध्यें ज्ञात असलेल्या ६५ प्रथिनांचा एक संग्रह छापला. प्रथिनांच्या २० घटकांना तिनें एकेक अक्षर नेमून दिलें. त्यामुळें प्रथिन ही एक ओळ झाली, आणि दोन ओळी शेजारीं ठेवून कोठें जुळतात, कोठें नाहीं, हें यंत्राला विचारतां येऊं लागलें. आज जिला आपण संगणकीय जीवशास्त्र म्हणतों तिचा बराचसा संसार ह्या एका युक्तीवर चालतो. आपल्याकडे तिचें रोप लागलें तें पुणें विद्यापीठांत, १९८० च्या दशकांत, डॉ. अशोक कोळसकर यांच्या नेतृत्वाखालीं. शरीर कोणत्या प्रथिनाचा कोणता तुकडा शत्रु म्हणून ओळखील, हें अक्षरांच्या ओळीवरून आधींच वर्तविण्याची कोळसकर आणि टोणगांवकर यांची रीत १९९० मध्यें प्रसिद्ध झाली. लशींवर काम करणाऱ्यांच्या ती आजहि कामीं येते. कोसंबींचें टाटा संस्थेंतलें काम मात्र १९६२ मध्यें संपलें, आणि १९६६ मध्यें ते निवर्तले. संस्थेनें स्वतः बांधलेल्या संगणकाचें नामकरण त्याच १९६२ मध्यें झालें, हा योगायोग मला नेहमीं थोडा खटकतो.

आतां दुसरें दार. १९२९ मध्यें कोल्हापुरांत एका कलावंताच्या घरीं भानुमती राजोपाध्ये जन्मल्या. पुढें त्या भानु अथैया झाल्या. जे. जे. च्या त्या सुवर्णपदकाच्या मानकरी. चित्रकार म्हणूनच त्यांचें नांव झालें असतें. परंतु स्त्रियांच्या नियतकालिकांसाठीं कपड्यांचीं रेखाचित्रें काढतां काढतां एका संपादिकेनें कपड्यांचें दुकान काढलें आणि तुम्हीच कपडेहि करून पाहा असें सुचविलें. तेथून त्या सिनेमांत गेल्या, आणि अर्धशतक राहिल्या. १९८३ च्या एप्रिलांत 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेसाठीं जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणारी ती पहिली भारतीय व्यक्ति. २०२० मध्यें त्या वारल्या.

'गांधी' चित्रपटाचें काम हें शोभेचें काम आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं एवढाच विचार करावा: ज्या माणसाचें राजकारणच कापडांतून बोललें, त्याचा वेष ठरवावयाचा. बॅरिस्टरचा विलायती सूट, आफ्रिकेंतला साधा पोषाख, काठेवाडी पागोटें, आणि १९२१ च्या सप्टेंबरांत मदुरेंत स्वीकारलेला पंचा. कोणत्या साली कोणतें सूत, कोणत्या प्रांतांत धोतराची कोणती नेस, कोणत्या वर्गाच्या बाईच्या लुगड्याला कोणता कांठ, हें हुडकून काढणें म्हणजे संशोधन. आणि तें पडद्यावर क्षणभर दिसून जाणार हें ठाऊक असूनहि करणें ही निष्ठा. शिंपीहि शिवतो हें खरें. पण काय शिवावें हें त्याला कोणीतरी सांगावें लागतें.

एक तिसरें नांव घेतल्याशिवाय पुढें जाववत नाहीं, कारण तें आपल्याला पुन्हा भिवंडीकडे नेतें. प्रभाकर बरवे, आधुनिक मराठी चित्रकारांतील अग्रणी आणि 'कोरा कॅनव्हास' ह्या पुस्तकाचे लेखक, हे १९६१ पासून वीस वर्षांहून अधिक काळ सरकारच्या विणकर सेवा केंद्रांत नोकरीला होते. पहिलीं चार वर्षें बनारसला, मग मुंबईला. काम काय? विणकरांसाठीं कापडाच्या नक्ष्या काढणें. हीं केंद्रें १९५० च्या दशकांत ह्याच हेतूनें निघालीं होतीं कीं, चित्रकाराची दृष्टि आणि विणकराचा हात यांची गांठ पडावी. गांठ पडली ती हातमागाशीं. विजेच्या मागाला, आणि म्हणून भिवंडीला, तिचा लाभ जवळजवळ झालाच नाहीं. विजेचा माग म्हणजे हातमागाचा वैरी अशीच सरकारची आणि सुशिक्षितांची समजूत. माग वैरी असेलहि, पण त्यावर बसलेला माणूस त्याच विणकराचा नातू होता, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. माझ्या मतें ही आपल्या कारागिरीच्या इतिहासांतील मोठी चूक आहे. जो समाज बनारसी किनखाबाच्या नक्ष्या मोजीत वाढला, त्याच्या पदरीं आपण कोऱ्या कापडाचीं पिकें मोजण्याचें काम टाकलें.

ह्याचा प्रत्यय मला भिवंडीच्या दुसऱ्या फेरींत आला. ह्या वेळीं दादरची ती कन्या माझ्याबरोबर होती. वडिलांनीं तिला माझ्या हवालीं केलें तें बहुधा ती कंटाळून परत येईल ह्या आशेनें. एका मागवाल्यानें आपली शेड दाखविली. बारा तासांची पाळी, एका माणसाकडे अनेक माग, हवेंत कापसाचे कण, आणि प्रत्येक मागाच्या अंगाला धागे मोजणारें एक लहान यंत्र. नक्षी काढतां काय, असें विचारतां तो हंसला. नक्षीचें काम हवें तर सुरतेहून तयार येतें, हल्लीं पट्ट्यांचीहि गरज नाहीं, अंगठ्याएवढ्या वस्तूंत सारी नक्षी मावते, पण तसला माग घेण्याची आमची ऐपत नाहीं, असें तो म्हणाला. मग कांहींसें आठवून त्यानें आम्हांला शेजारच्या गल्लींत एका वृद्ध विणकराकडे पाठविलें. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणते.

चाचांनीं खाटेखालून एक पत्र्याची पेटी ओढली. आंत चौकटीच्या कागदांच्या घड्या होत्या, कडांना पिवळ्या पडलेल्या. प्रत्येक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक भेट. लाल भरलेली असेल तर धागा वर, कोरी असेल तर खालीं. त्यांच्या वडिलांनीं बनारसला काढलेले जॅकारचे हे नक्शे, पट्ट्यांना भोंकें पाडण्यापूर्वींचे. चाचांना लिहितां-वाचतां जेमतेम येतें. पण एका कागदावर बोट ठेवून त्यांनीं आम्हांला सांगितलें कीं, येथें चौकट चुकली आहे, आणि ती वडिलांनीं मुद्दाम चुकविली आहे, कारण हिशेबाप्रमाणें भरली असती तर उलट्या बाजूला धागा फार लांब सुटला असता आणि बांगडींत अडकून तुटला असता. मुलीनें चौकटी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग तिनें विचारलें कीं, अशा मुद्दाम केलेल्या चुका आणखी किती ठिकाणीं आहेत, आणि त्यांचा कांहीं नियम आहे काय. चाचा म्हणाले, नियम असेल. मीं कधीं लिहिला नाहीं. पेटी अलीकडे कोणी मागितली होती काय, असें मीं विचारलें. एका भंगारवाल्यानें वजनावर भाव केला होता, असें त्यांनीं सांगितलें.

नक्शे घराबाहेर न्यावयाचे नाहींत, ह्या अटीवर त्यांनीं ते उतरून घेण्यास परवानगी दिली आहे. तेव्हांपासून दर रविवारीं ती मुलगी सकाळच्या गाडीनें कल्याणला उतरते आणि तेथून भिवंडीला जाते. बेचाळीस कागदांपैकीं गेल्या रविवारपर्यंत नऊ झाले होते. प्रवेशाचे अर्ज अजून भरलेले नाहींत.